यादी मी लिहिली होती

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. विसरलो होतो, असं नाही. आमच्या मराठी मंडळाचा वार्षिक अंक निघतो, त्यासाठी माझ्याकडून दरवर्षी कारखान्याच्या आठवणी मागितल्या जातात आणि मी त्या देतही आलो. शिफ्ट सुटताना रस्ताभर पसरणाऱ्या सायकलींवर लिहिलं, क्वार्टरांमधल्या गणपतीवर लिहिलं, उन्हाळ्यातल्या पाण्याच्या रांगांवर लिहिलं. युद्धाच्या दिवसांवर मात्र एक ओळ लिहिली नाही. लोकांना तो माझा विनय वाटला. तो विनय नव्हता.

आता लिहितो आहे, त्याला कारण गेल्या हिवाळ्यातला एक वाद. वाद आमचा नव्हता. अमेरिका आणि युरोपातले तिचे मित्रदेश यांचा होता.

जबलपूरच्या रांझीत बसथांब्याजवळ चहाची एक टपरी आहे. संध्याकाळी पाचला आम्ही निवृत्त मंडळी तिथे जमतो. मी, माझ्याच कारखान्यातला माझा मित्र, आणि बसचा एक निवृत्त कंडक्टर, ज्याला सगळे भैया म्हणतात. टपरीवाल्याने भिंतीला टीव्ही लावला आहे आणि त्यावर हिंदी बातम्या चालू असतात. त्या आठवड्यात दोन गोष्टी चालल्या होत्या. एक म्हणजे, चालू युद्धात जो शस्त्रं देतो त्याचे आभार किती वेळा मानायचे. दुसरी अफगाणिस्तानची. अमेरिकेच्या हाकेला युरोपातले सैनिक तिथे गेले होते, आणि आता अमेरिकेकडूनच बोललं गेलं होतं की ते आघाडीपासून जरा मागेच राहिले. त्यावर तिकडचे लोक चिडले होते. मेलेल्या सैनिकांचे आईबाप टीव्हीवर दिसत होते.

भैयाचं मत तयार होतं. "जिसका खाया उसका गाया," तो म्हणाला. "बंदूक वो दे, पैसा वो दे, और दो बार शुक्रिया बोलने में इनकी जबान घिसती है."

मी मान हलवली. माझं मतही तेच होतं, किंवा मला तसं वाटत होतं. देणाऱ्याने दिलं आहे, तर घेणाऱ्याने म्हणावं.

माझा मित्र राजकारणावर सहसा बोलत नसे. चहा पिऊन तो समोरच्या रस्त्यावरच्या गाड्या बघत बसायचा. त्या दिवशी मात्र तो बोलला.

"अन् हे गेलते ते? बोलावलं तेव्हा गेले ना हे लोक? त्यायच्या गावात पेट्या आल्या ना वापस?"

"पेटी तो सबके घर आई, दादा," भैया म्हणाला.

"हो ना. मग आता काहून म्हणून राहिले का तुम्ही मागं होते? मागं राहून मरते काय कोणी?"

"लो, दादा तो यूरोप के वकील हो गए," भैया हसला. "फीस कितनी मिली?"

मित्र हसला नाही. मला वाटलं वाद मिटवावा, म्हणून मी मध्ये पडलो. निदान त्या वेळी मला तसं वाटलं. मी म्हणालो, "मागे राहणाऱ्यांचीही गरज असते भाऊ, ते कोण नाकारतो? पण जे पुढे होते ते पुढे होते. त्यांना तेवढं म्हणू दे."

मित्राने ग्लास बाकावर ठेवला. "हे तू आधी बोलला आहेस मास्तर," तो म्हणाला. "एकदा. माइकवर."

"क्या बोले थे?" भैयाने विचारलं.

"कुछ नहीं भैया. पुरानी बात." त्याने मफलर गुंडाळला आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

ती जुनी बात अशी.

एकाहत्तरच्या युद्धाआधी वर्षभर आम्ही दोघं संरक्षण खात्याच्या कारखान्यात लागलो. माझं घराणं जबलपुरात पिढ्यान्‌पिढ्यांचं, कोण्या मराठा सरदाराच्या चाकरीत आलेलं. तो वर्धेकडचा. एकाच तुकडीत आम्ही तोफगोळे भरायचं काम शिकलो. नेमणूक झाली तेव्हा मी भरणीच्या शेडमध्ये गेलो आणि तो पॅकिंगला. माझं अक्षर चांगलं होतं, सगळ्यांचे अर्ज मी लिहून द्यायचो, म्हणून तो मला मास्तर म्हणायचा. ते नाव शेवटपर्यंत राहिलं.

भरणीच्या शेडच्या दाराशी गुडघ्याएवढा लाकडी कठडा होता. कठड्याच्या अलीकडे स्वतःच्या चपला काढायच्या, काडेपेटी, अंगठी, किल्ल्या ठेवायच्या, आणि पलीकडे पाय टाकून आतले बूट घालायचे. अलीकडचा बूट पलीकडे जात नसे. आत स्फोटक वितळवून गोळ्यांत ओतायचं काम. त्यामुळे कारखान्यात माणसांच्या दोनच जाती होत्या, आतले आणि बाहेरचे. आतल्यांना विषारी धुळीवर उतारा म्हणून रोज गुळाचा खडा मिळायचा. त्या स्फोटकाने आतल्यांचे तळहात पिवळे पडायचे, ते साबणाने जात नसत. पण कँटीनमध्ये आतल्यांना जागा लवकर मिळायची.

युद्धाची तयारी सुरू झाली आणि शिफ्ट बारा तासांची झाली. अकराव्या दिवशी माझ्या हातातला ट्रे घसरला. मी तो मांडीवर अडवला, काहीही झालं नाही, कोणाच्या लक्षातही आलं नाही. पण त्यानंतर माझे हात थांबेनात. कापत राहिले. अशा हातांनी आत काम करणं म्हणजे शेडमधल्या सगळ्यांना धोक्यात घालणं होतं. नियम होता की असं झालं तर वर कळवायचं. कळवलं असतं तर मला काढून दुसरीकडे दिलं असतं आणि नोंद राहिली असती. माझी नोकरी अजून कच्ची होती, घरी माझं लग्न ठरलं होतं. मी कळवलं नाही. दुपारच्या सुट्टीत मी ते फक्त त्याला सांगितलं.

तो पेट्यांवर नंबर रंगवत होता. ब्रश न थांबवता म्हणाला, "तू इकडं ये. मी आत जातो."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. मले थरथर होत नाही, एवढंच."

त्या काळात हे शक्य होतं. हजेरी फाटकावर पितळी बिल्ल्याने लागायची, आणि कोण कोणत्या शेडमध्ये आहे हे शेडवरचा मिस्त्री, म्हणजे मुकादम, महिन्याच्या शेवटी जुन्या यादीवरून उतरवायचा. काम तुंबलं होतं. मिस्त्रीने माझे हात बघितले, त्याचे बघितले, आणि तोंड फिरवून म्हणाला, "मुझे काम चाहिए. बाकी मुझे कुछ नहीं मालूम." शेडमधल्यांनीही कानाडोळा केला. पावसाळा संपता संपता तो कठड्याच्या आत गेला, तो हिवाळा सरेपर्यंत आत होता. कागदावर आत मी होतो. माझ्या नावचा गुळाचा खडा तो खायचा. माझ्या नावावर त्याला मिळालं ते एवढंच.

त्या हिवाळ्यात त्याची आई वर्धेहून आली. मुलाचे पिवळे हात बघून तिने कपाळाला हात लावला. तिला वाटलं कावीळ. खरं सांगितलं असतं तर आईच्या तोंडून ते संध्याकाळपर्यंत सगळ्या क्वार्टरांत गेलं असतं, मिस्त्रीची नोकरी गेली असती आणि माझीही. म्हणून तो गप्प राहिला. आई त्याला बसने जवळच्या पनागर गावी एका वैद्याकडे घेऊन गेली. वैद्याने डोळे न बघताच कडू काढा दिला आणि तेल, तूप, तिखट बंद केलं. रविवारी रविवारी तो काढा आणायला जायचा. सगळा हिवाळा त्याने उकडलेल्या भाज्या खाल्ल्या. "तुझ्यापायी संक्रांतीचे लाडू गेले माझे," तो मला म्हणाला. "अन् वैद्य म्हणते, फरक पडून राहिला." आम्ही दोघं पेट्यांच्या आड बसून खूप हसलो. मला त्या हसण्याची आज जास्त लाज वाटते.

युद्ध संपलं. काही आठवड्यांनी वरून आदेश आला की ज्यांनी आत काम केलं त्यांना प्रशस्तिपत्रं द्यायची, नावं पाठवा. मिस्त्रीने मला बोलावलं, कारण अक्षर. त्याने रजिस्टर पुढे ठेवलं. "जो इसमें है वही लिखना. न एक ज्यादा, न एक कम."

मित्राचं नाव मी घालू शकत नव्हतो, ते खरं आहे. घातलं असतं तर अदलाबदल उघडी पडली असती. पण माझं नाव मी गाळू शकलो असतो. एक नाव कमी झालं असतं, मिस्त्री ओरडला असता, मी चुकून राहिलं म्हणालो असतो. माझं नाव लिहिताना मी थांबलो नाही. हे स्पष्ट लिहितो, कारण पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत होतो की थांबलो होतो.

प्रशस्तिपत्र आलं, मी फ्रेम करून घेतलं. तो घरी आला तेव्हा मी भिंतीत खिळा ठोकत होतो आणि तो वाकडा जात होता. त्याने माझ्या हातून हातोडी घेतली, दोन ठोक्यांत खिळा बसवला, फ्रेम टांगली, मागे सरून बघितलं. "डावीकडं जरा उतरलं," म्हणाला आणि सरळ केलं. पुढे मला तपासणीच्या कामात बढती मिळाली. तीत त्या कागदाचा वाटा किती, मला माहीत नाही. वाटा नव्हता असं म्हणवत नाही. तो पॅकिंगमधूनच निवृत्त झाला.

इथवर ऐकणारा म्हणेल, तरुणपणी भीतीने झालं, त्यात काय. मीही तेच म्हणत आलो. खरी गोष्ट पुढची आहे, आणि तेव्हा मी तरुण नव्हतो.

त्या युद्धाला पन्नास वर्षं झाली तेव्हा मराठी मंडळाने कार्यक्रम ठेवला. शहरात जे मराठी आतले उरले होते त्यांचा सत्कार. तसा मी एकटाच होतो. मिस्त्री कधीच वारला होता, रजिस्टरं रद्दीत गेली असणार, आता खरं बोलून कोणाचं काही बिघडणार नव्हतं. मला शाल दिली, नारळ दिला, आणि बोलायला माइक दिला. समोर दुसऱ्या रांगेत तो बसला होता, शेजारी वहिनी, त्यांचा मुलगा, सूनबाई.

मी बोललो. पिवळ्या हातांबद्दल बोललो, बारा तासांच्या शिफ्टबद्दल बोललो. त्या हिवाळ्यातलं ते सगळं मला पाठ होतं, कारण त्याच्याकडून ऐकलं होतं. आणि त्याच्याकडे नजर गेली तेव्हा मला वाटलं, याला काहीतरी द्यायला हवं. तेव्हा मी म्हणालो की आम्ही पुढे होतो, पण जे मागे होते, ज्यांनी कठड्याबाहेर राहून पेट्या भरल्या, त्यांचेही आभार मानले पाहिजेत. माझा मित्र इथे आहे, तो पॅकिंगमध्ये होता, मी त्याला विनंती करतो की त्याने उभं राहावं.

तो उभा राहिला. हात जोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलाने फोनवर फोटो काढला. मग तो बसला.

नंतर पोह्यांच्या रांगेत मी त्याच्यामागे होतो. "बोलला चांगलं मास्तर," तो म्हणाला. "लोकायले आवडलं." आणि दुसऱ्या दिवशी पाचला तो टपरीवर आला. पुढची चार-साडेचार वर्षं येत राहिला. मला वाटलं, संपलं.

म्हणून टपरीवर तो उठून गेल्यानंतर आठवडाभराने मी त्याच्या घरी गेलो तेव्हा काय बोलायचं हे मला नक्की ठाऊक होतं. सकाळची वेळ होती. परछीत, म्हणजे पुढच्या ओसरीवर, उन्हात बसून तो मटार सोलत होता. पनागरचे मटार हिवाळ्यात सगळ्या शहरात येतात, त्याच्याकडे पोतंभर होते. वहिनी आत स्वयंपाकात. त्याने माझ्यापुढे परात सरकवली. मी सोलू लागलो. गुडघ्यांबद्दल बोललो, भैयाबद्दल बोललो.

"भैया विचारत होता तुला. म्हणाला, वकील साहब नाराज हैं क्या."

"त्याचं काय. त्याले बोलायला कोणी पाहिजे."

परात अर्धी भरली तेव्हा तोच म्हणाला, माझ्याकडे न बघता, "मास्तर, कागदाचं मले कधी काही वाटलं नाही. मीच गेलतो आत, तू काही ढकललं नाही मले. पण तू उभं काहून केलं मले? पोरापुढं?"

पन्नासहून अधिक वर्षांत त्याने मला याबद्दल विचारलेला हा एकच प्रश्न. उत्तर द्यायला परछीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी म्हणालो, "अरे, लोकांनी टाळ्या वाजवल्या ना."

त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखाद्याने पत्ता विचारावा आणि समोरच्याने भलतंच गाव सांगावं, तसं. "हो," तो म्हणाला. "वाजवल्या." निघताना त्याने मला किलोभर मटार पिशवीत घालून दिले. नको म्हणालो तरी दिले.

घरी येऊन मी ठरवलं की दोन दिवसांत परत जायचं. दोन दिवसांनी थंडी वाढली. मग माझा खोकला. अशी कारणं सापडतात. तीन आठवडे गेले आणि एका सकाळी त्याच्या मुलाचा फोन आला की बाबांना अर्धांगवायू झाला आहे.

मी दवाखान्यात गेलो. त्याची उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. समज होती. मी खाटेजवळ गेलो तर डोळ्यांनी ओळख दिली. वर्धेहून त्याचे भाचे आले होते. मुलाने त्यांना माझी ओळख करून दिली. "हे काका. वॉर के टाइम हे आतमध्ये होते, बाबा नेहमी सांगतात. म्हणतात, मास्तरसारखी हिंमत पाहिजे." भाच्यांनी वाकून नमस्कार केला.

तेव्हा मला कळलं की त्याने मुलालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं नव्हतं एवढंच नाही, माझ्या बाजूने सांगितलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्या नजरेत काय होतं हे मी इथे लिहिणार नाही, कारण मला ते माहीत नाही. मला हवं ते मी त्यात वाचू शकतो, आणि मी तसं करणारा माणूस आहे हे आता दिसलंच आहे. मी त्याच्या चांगल्या हातावर हात ठेवला, डॉक्टर काय म्हणतात विचारलं, आणि बाहेर आलो. आठ दिवसांनी तो गेला. अस्थी नर्मदेत ग्वारीघाटाला सोडल्या तेव्हा मी नावेत होतो.

मंडळाने शोकसभा घेतली. जुना मित्र म्हणून मला बोलायला सांगितलं. मी मैत्रीवर बोललो.

टीव्हीवरचा तो वाद अजून अधूनमधून वर येतो. भैया अजून देणाऱ्याच्या बाजूने आहे. मी आता त्यावर बोलत नाही. कोणी किती दिलं हे दूरच्या माणसाला कळत नाही, एवढं मला कळतं. जवळच्याला कळत असतं आणि तो गप्प बसू शकतो, हेही कळतं.

हे सगळं लिहून झाल्यावर मी त्याच्या मुलाला घरी बोलावलं. तो बँकेत आहे. त्याला मराठी समजतं, वाचायला वेळ लागतो, म्हणून मीच वाचून दाखवलं. संपल्यावर तो भिंतीकडे बघत बसला. प्रशस्तिपत्राची फ्रेम मी आधीच काढून ठेवली होती, तिथे फक्त चौकोन होता.

"आई को मालूम था?" त्याने विचारलं.

"वहिनींना माहीत होतं. त्या गप्प राहिल्या, त्याच्या सांगण्यावरून."

"अच्छा." मग म्हणाला, "मी त्या फंक्शनमधला फोटो बाबांना फ्रेम करून दिला होता, काका. त्यांनी लावला नाही. मला वाटलं त्यांना फोटो आवडला नाही."

तो उठला, दारापर्यंत गेला, चपला घालताना थांबला.

"हे छापा. नाव नका टाकू, पण छापा. बस एक सांगा. बाबांना कधी बोललात हे?"

"नाही."

"दवाखान्यातसुद्धा नाही?"

"नाही," मी म्हणालो. "जाताना ऑटोत सगळं जुळवलं होतं. एवढंच म्हणायचं होतं."

"काय?"

मी त्याला सांगितलं. दारात उभ्या असलेल्या मुलाला सांगणं सोपं गेलं, कारण ते त्याच्यासाठी नव्हतं. भाऊ, आत तू होतास, आणि मी तुला सगळ्यांसमोर बाहेरचा म्हणून उभं केलं. तू विचारलंस तेव्हाही मी नीट उत्तर दिलं नाही. माझं चुकलं. मला माफ कर.